अस्मानी आणि सुलतानी

आपल्या भाषेंत कांहीं जोडशब्द असे आहेत कीं, त्यांत समाजाचा शेंकडों वर्षांचा अनुभव सांठविलेला असतो. 'अस्मानी-सुलतानी' हा त्यांपैकीं एक होय. आभाळांतून येणारें संकट तें अस्मानी. अवर्षण, अतिवृष्टि, गारपीट, टोळधाड हीं सर्व त्याखालीं येतात. राज्यकर्त्यांकडून येणारें संकट तें सुलतानी. फौजांचा धुमाकूळ, जबर सारा, अंमलदारांची लूट हीं त्याखालीं येतात. मराठेशाहींतील कौलनाम्यांतून व इजाऱ्याच्या कागदांतून हा शब्द एखाद्या कलमासारखा वापरलेला आढळतो. अस्मानी अगर सुलतानी गुदरल्यास वसुलांत सूट मिळेल, असा त्याचा आशय. म्हणजे आमच्या पूर्वजांनीं संकटांची नुसती वर्गवारी केली नाहीं. कोणत्या संकटाबद्दल कोणाकडे दाद मागावयाची, हेंहि त्यांनीं या दोन शब्दांत ठरवून टाकिलें. अस्मानीबद्दल देवाकडे, सुलतानीबद्दल राजाकडे.

ही वांटणी आतां मोडूं लागली आहे. पृथ्वीभोंवतालची हवा तापत आहे, आणि गेल्या शतकभरांतील या तापण्याचें मुख्य कारण मनुष्यानें जाळलेला कोळसा व खनिज तेल हें आहे, याविषयीं हवामानशास्त्राचा निर्णय झालेला आहे. मग पाऊस महिनाभर दडी मारून बसला, किंवा महिन्याचा पाऊस एका दिवसांत कोसळला, तर त्या संकटास अस्मानी म्हणावयाचें कीं सुलतानी? हा प्रश्न केवळ शब्दांचा नव्हे. दाद कोणाकडे मागावयाची, हें त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. या प्रश्नाचा उलगडा करण्यास महाराष्ट्रांतील दुष्काळांचा इतिहास फार उपयोगीं पडेल असें आम्हांस वाटतें. म्हणून त्याची थोडक्यांत उजळणी करूं.

जुन्या दुष्काळांविषयीं आपल्याजवळ आंकड्यांपेक्षां आठवणीच अधिक आहेत. मंगळवेढ्यास बहामनी राज्याचे अंमलदार असलेल्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी अंबारें रयतेस खुलीं केलीं, ही कथा कीर्तनांतून घरोघरीं पोंचलेली आहे. तींतील चमत्काराचा भाग बाजूस ठेविला तरी एक गोष्ट उरतेच. धान्य होतें, परंतु तें कुलपांत होतें, आणि तें कुलूप उघडणें हा अपराध होता. इ. स. १६३० ते १६३२ या सालांत दख्खन व गुजराथ या प्रांतांवर आलेल्या दुष्काळाची हकीकत याहून स्पष्ट आहे. शहाजहान बादशहाचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी आणि पीटर मंडी नांवाचा इंग्रज प्रवासी या दोघांनींहि त्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे. तुकाराममहाराजांची प्रथम पत्नी याच दुष्काळांत अन्नावांचून गेली. पाऊस गेला हें खरें; पण त्याच वेळीं बादशाही फौजा बऱ्हाणपुरास तळ देऊन दख्खनेंत लढत होत्या, आणि त्यांच्या दाणावैरणीचा भार त्याच होरपळलेल्या मुलखावर पडत होता. अस्मानी आणि सुलतानी या दोघी बहुधा बरोबरच येतात, म्हणूनच लोकांनीं त्यांचा एक शब्द केला.

आतां १८७६ सालाकडे वळूं. त्या सालीं मुंबई इलाख्याचा दख्खन भाग, निजामाचें राज्य, म्हैसूर व मद्रास इतक्या विस्तीर्ण मुलखांत पाऊस बुडाला, आणि पुढील सालींहि अनेक भागांत त्यानें दगा दिला. पुणें व नगर या जिल्ह्यांतील शेतकरी त्यापूर्वींच कर्जानें पिचलेला होता. १८७५ सालीं सावकारांचे कर्जरोखे जाळण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. अशा रयतेवर हा घाला पडला. १ जानेवारी १८७७ रोजीं लॉर्ड लिटन यांनीं दिल्लीस दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस 'कैसर-ई-हिंद' म्हणून जाहीर केलें. आणि त्याच महिन्यांत सर रिचर्ड टेंपल हे सरकारचे प्रतिनिधि म्हणून दुष्काळी मुलखाच्या दौऱ्यावर निघाले.

टेंपलसाहेबांचा पूर्वेतिहास लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १८७४ सालीं बिहारच्या दुष्काळांत त्यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून माणसें वांचविलीं, आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका पदरांत घेतला. या खेपेस त्यांनीं काटकसर केली. दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषास दिवसास एक पौंड, म्हणजे सुमारें अर्धा शेर, धान्य आणि वर एक आणा एवढी मजुरी पुरे, असें त्यांनीं ठरविलें. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं, एवढ्या अन्नावर कष्टाचें काम करून मनुष्य तग धरणार नाहीं, असा स्पष्ट आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडून दिलीं. व्यापारांत सरकारनें हात घालूं नये, बाजार धान्याला हवें तेथें आपोआप नेईल, असा त्या वेळचा राजमान्य सिद्धांत होता. बाजारानें धान्य नेलें खरें. परंतु भुकेला पैसा नव्हता, आणि बाजार पैशाकडे जातो. आगगाडी जशी धान्य आणीत होती तशी नेतहि होती, आणि गव्हाची परदेशीं होणारी निर्गत या अवधींत थांबली नाहीं. मृत्यूंचे अंदाज निरनिराळे आहेत. तथापि ब्रिटिश मुलखापुरता तो आंकडा पन्नास लक्षांच्या वर धरला जातो.

सरकारनें हें सर्व आभाळाच्या खातीं मांडलें. तें तसें मांडूं न देण्याचें काम ज्यांनीं केलें त्यांत पुण्याच्या सार्वजनिक सभेचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. १८७० सालीं स्थापन झालेल्या या सभेनें, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सर्वांचे 'सार्वजनिक काका' व न्यायमूर्ति रानडे यांच्या प्रेरणेनें, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि दुष्काळाच्या हकीकती सरकारास वारंवार लिहून पाठविल्या. सत्यशोधक समाजानें पुण्याजवळ धनकवडी येथें उपाशी मुलांसाठीं बालाश्रम चालविला. वासुदेव बळवंत फडके यांच्या १८७९ च्या बंडास जीं कारणें झालीं, त्यांत या दुष्काळांत पाहिलेली लोकांची दैना हें एक मोठें होतें. अर्ज, अन्नछत्र आणि बंड हे तीन मार्ग एकमेकांपासून फार दूरचे. पण पावसाच्या अभावीं माणसें मरतात हें मान्य न करणें, हें तिहींचें मूळ एकच.

या दडपणाचा परिणाम झाला. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या दुष्काळ कमिशननें १८८० सालीं अहवाल दिला, आणि त्यावरून १८८३ सालीं दुष्काळनिवारणाच्या नियमांचा मसुदा, ज्यास 'फॅमिन कोड' म्हणत, तयार झाला. कमिशनच्या निरीक्षणांतील मर्म असें कीं, दुष्काळांत देशांतलें धान्य संपत नाहीं, तर शेतमजुराची मजुरी संपते. म्हणून त्यास वेळीं काम व मजुरी देणें हें सरकारचें कर्तव्य होय. हे नियम कृपणपणानें लिहिलेले होते व कृपणपणानेंच पाळले गेले. परंतु ते लिहिलेले होते, ही गोष्ट लहान नव्हे. १८९६ सालीं पाऊस पुन्हां बुडाला, तेव्हां 'केसरी'नें व सार्वजनिक सभेच्या माणसांनीं गांवोगांव जाऊन रयतेस सांगितलें कीं, साऱ्याची सूट व कामाची सोय ही तुम्हांस मिळावयाची भिक्षा नाहीं, सरकारच्याच नियमांत ती लिहिली आहे. लिहिलेलें होतें म्हणून मागतां आलें.

येथें वाचक विचारतील कीं, राज्यकर्त्यांचा दोष कबूल, पण मुळांत पाऊस कां गेला? हाच प्रश्न त्या वेळच्या शास्त्रज्ञांपुढेंहि होता. हिंदुस्थानचें हवामानखातें १८७५ सालीं, म्हणजे दुष्काळाच्या आदल्याच वर्षीं, स्थापन झालें. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयावरील बर्फ आणि पुढील मोसमी पाऊस यांचा संबंध दाखविला. पुढें १९०४ ते १९२४ या काळांत खात्याचे प्रमुख असलेले सर गिल्बर्ट वॉकर यांनीं जगभरच्या वेधशाळांचे आंकडे ताडून पाहिले. त्यांस असें आढळलें कीं, हिंदी महासागरावरील व प्रशांत महासागरावरील हवेचा दाब ताजव्याच्या पारड्यांप्रमाणें खालींवर होतो, आणि आमचा पाऊस त्याशीं बांधलेला आहे. १९६९ सालीं याकोब ब्यर्कनेस यांनीं या हेलकाव्याचा 'एल् नीनो'शीं, म्हणजे पेरू देशाकडील समुद्र कांहीं वर्षांनीं तापतो त्या घटनेशीं, मेळ घातला. १८७७ सालचा एल् नीनो फार प्रबळ होता. म्हणजे त्या दुष्काळाचें बीज खरोखरच अस्मानी होतें. हवामानखात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं शिमल्याहून पुण्यास आलें व कालांतरानें दिल्लीस गेलें. परंतु शिवाजीनगरांतील त्या इमारतीस पुणेंकर अजून 'शिमला ऑफिस' असेंच म्हणतात.

ज्या १८९६ सालीं 'केसरी' दुष्काळाचे नियम रयतेस समजावून देत होता, त्याच सालीं दूर स्वीडन देशांत स्वांटे अऱ्हेनियस या रसायनशास्त्रज्ञानें एक गणित प्रसिद्ध केलें. कार्बन डायॉक्साइड वायु उष्णता धरून ठेवतो, हें जॉन टिंडाल यांनीं १८५९ पासूनच्या प्रयोगांनीं सिद्ध केलेलें होतें. हवेंतील हा वायु दुप्पट झाल्यास पृथ्वी सुमारें पांच ते सहा अंशांनीं तापेल, असें अऱ्हेनियसनें हिशेबानें काढलें. आजच्या हिशेबानें हा आंकडा कांहींसा जास्त आहे, परंतु दिशा अचूक होती. त्या थंड देशाच्या पंडितास हें तापणें फार दूरचें व एकंदरींत सुखावह वाटलें. इकडे आगगाड्या, आगबोटी व गिरण्या यांची धुराडीं तें गणित खरें करण्याच्या उद्योगास लागलेलींच होतीं. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें २८० भाग होता. १९५८ सालीं चार्ल्स कीलिंग यांनीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हां तो सुमारें ३१५ भाग भरला. आज तो ४२० च्या पुढें गेलेला आहे. २०२४ साल हें यंत्रयुगापूर्वीच्या मानानें दीड अंशाहून अधिक तापलेलें पहिलें साल ठरलें.

याचा आमच्या पावसाशीं संबंध काय? हवा एका अंशानें तापली कीं तिची बाष्प धरण्याची शक्ति सुमारें सात टक्क्यांनीं वाढते. हवा बाष्प अधिक वेळ धरते आणि सोडते तेव्हां एकदम सोडते; म्हणून पावसाची उघडीप लांबते आणि सर माजते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, मध्यभारताच्या पट्ट्यांत विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळांत तिप्पट झाल्या. येथें एक सावधगिरी पाहिजे. प्रत्येक अवर्षण अथवा पूर तापमानवाढीनेंच आला असें म्हणणें अशास्त्रीय होईल. एल् नीनो पूर्वींहि होता व आजहि आहे. परंतु अस्मानाच्या या जुन्या फांशांत आतां मनुष्यानें आपलें वजन घातलें आहे, आणि ते फांसे वाईट बाजूवर अधिक वेळां पडूं लागले आहेत.

फांसे वाईट पडले तरी माणसें मेलींच पाहिजेत असें नाहीं, याचा पुरावा आपल्याच इतिहासांत आहे. १९७२ सालींहि प्रशांत महासागर तापलेला होता, आणि महाराष्ट्रांत लागोपाठच्या वाईट सालांवर त्या सालच्या अवर्षणानें कळस चढविला. विहिरी आटल्या, जनावरें मेलीं, कुटुंबेंच्या कुटुंबें मुंबई-पुण्याच्या वाटेस लागलीं. ज्यांनीं तें साल पाहिलें ते सुकडी, मिलो आणि खडी हे तीन शब्द विसरले नाहींत. परंतु १८७७ सारखीं प्रेतें रस्तोरस्तीं पडलीं नाहींत. मे १९७३ मध्यें सुमारें पन्नास लक्ष माणसें सरकारी दुष्काळी कामांवर होतीं. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस या आपत्तींत बळ आलें; १९७७ सालीं तिचा कायदा झाला व तो १९७९ पासून अमलांत आला. या योजनेच्या खर्चासाठीं शहरांतील पगारदार व व्यावसायिक यांवर १९७५ सालीं व्यवसायकर बसविण्यांत आला. खेड्यांतील कोरड्या शेतासाठीं शहरांतील पगारांतून कांहीं द्यावयाचें, हें तत्त्व त्यानें कायद्यांत लिहिलें गेलें. आभाळ तेंच होतें. फरक पडला तो मतदारांस जबाबदार असलेलें सरकार, गप्प न बसणारीं वृत्तपत्रें आणि मोर्चे काढणारे मजूर यांमुळें.

येणेंप्रमाणें दोन निष्कर्ष निघतात. १८७७ सालानें दाखविलें कीं, अस्मानीच्या बुरख्याआड सुलतानी लपते; १९७२ सालानें दाखविलें कीं, सुलतानी आवरली तर अस्मानीचें विष निम्में उतरतें. आजचा प्रसंग या दोहोंहून अवघड आहे. कारण आतां अस्मानी ही स्वतःच अंशतः सुलतानी झाली आहे, आणि हा नवा सुलतान एका तख्तावर बसलेला नाहीं.

मग तो बसला आहे कोठें? हिशेब पाहतां, यंत्रयुगाच्या आरंभापासून कोळसा व तेल जाळून हवेंत सोडलेल्या या वायूपैकीं सुमारें चतुर्थांश एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा आहे. भारताचा वांटा शेंकडा तीनच्या आसपास आहे. ज्यांनीं धूर केला ते निराळे आणि ज्यांचें पीक बुडतें ते निराळे, हा अन्याय उघड आहे, व तो बोलून दाखविण्यांत संकोच करण्याचें कारण नाहीं. परंतु एवढ्यावर आपला हिशेब मिटत नाहीं. आजच्या वार्षिक उत्सर्गांत भारत तिसऱ्या क्रमांकावर आहे, दरडोई वांटा अल्प असला तरी. आणि त्या सरासरीच्या आंत मुंबईच्या वातानुकूलित दिवाणखान्याचा वांटा व मराठवाड्यांतील ऊसतोडणी मजुराचा वांटा एक नव्हे. चंद्रपूर व कोराडी येथील धुराडीं ज्या विजेसाठीं पेटतात ती वीज सर्वांस सारखी मिळत नाहीं, पण त्यांचा ताप सर्वांस, आणि उघड्यावर राबणाऱ्यास अधिक, लागतो.

आणखी एक धोका आम्हांस याहून मोठा वाटतो. 'हवामानबदल' हा शब्द आतां राज्यकर्त्यांच्या तोंडीं नवी अस्मानी होऊं पाहत आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असा पाऊस कोणत्याहि शहरास जड गेला असता. परंतु मुंबईचीं पर्जन्यगटारें तासास २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें बांधलेलीं होतीं, आणि मिठी नदीचें पात्र भराव व बांधकामें यांनीं आवळलेलें होतें. तो भराव समुद्रानें घातला नव्हता. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पाऊस कमी झाला होता हें खरेंच, पण त्याच मराठवाड्यांत तहानेलेल्या ऊसाचें पीक आणि साखर कारखाने वर्षानुवर्षें वाढविण्यांत आले होते. दरड कोसळली, पूर आला, पीक वाहून गेलें, कीं हवामान बदललें म्हणून हात वर करणें, आणि १८७७ सालीं पाऊस गेला म्हणून हात वर करणें, यांत तत्त्वतः कांहींच अंतर नाहीं. उलट आतांची सबब अधिक लटकी आहे. कारण हें हवामान कसें बदलणार, हें पुष्कळसें आधीं कळलेलें आहे.

उपाय दोन प्रकारचे आहेत व दोन्ही एकदम करावयाचे आहेत. पहिला, कारण कमी करण्याचा: कोळशाच्या जागीं सूर्य व वारा यांची वीज आणणें. हें अशक्य नाहीं; साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या फिरूं लागून बरींच वर्षें झालीं, आणि सूर्याची वीज आज नव्या कोळशाच्या विजेहून स्वस्त पडते. दुसरा, आघात सोसण्याची तरतूद करण्याचा: नद्यांचीं पात्रें मोकळीं ठेवणें, पाण्याच्या मानानें पीक ठरविणें, डोंगरउतारावरील वस्त्यांस वेळीं हलविणें, उन्हाच्या कहरांत मजुरांच्या कामाचे तास बदलणें. २०१० सालच्या उष्म्यांत होरपळलेल्या अहमदाबादनें २०१३ सालीं उष्म्यासाठीं लेखी योजना केली, ती अनेक शहरांस कित्ता झाली.

परंतु उपायांची यादी करणें सोपें आहे. ते अमलांत कसे येतात, हें इतिहासानें शिकवावयाचें. आमच्या मतें त्याची शिकवण अशी: दुष्काळांतील मरण हटलें तें दयेनें हटलें नाहीं, कर्तव्य लेखी झालें, तें लोकांस ठाऊक झालें, त्याचा खर्च कोणी द्यावयाचा हें ठरलें, आणि लोकांनीं तें हक्कानें मागितलें, तेव्हां हटलें. या कसोटीवर राष्ट्राराष्ट्रांतील करार अजून १८७७ च्याच पायरीवर आहेत. १९९२ सालीं रिओ येथें तत्त्व मान्य झालें, १९९७ सालीं क्योटो येथें कांहीं राष्ट्रांवर मर्यादा पडल्या, २०१५ सालीं पॅरिस येथें प्रत्येकानें आपापलें वचन आपणच ठरवावें असें ठरलें, आणि २०२२ सालीं हानि सोसणाऱ्या देशांसाठीं निधि काढण्याचें कबूल झालें. परंतु त्यांत किती घालावयाचें हें देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. तें अद्यापि टेंपलसाहेबांचें अर्ध्या शेराचें माप आहे.

या मर्जीचें नियमांत आणि नियमाचें हक्कांत रूपांतर करणें, हें काम आतां करावयाचें आहे; बाहेर राष्ट्रांच्या सभेंत आणि घरांत प्रत्येक जिल्ह्याच्या कचेरींत. त्यासाठीं सार्वजनिक काकांच्या सभेनें केलें तेंच प्रथम करावें लागेल: गांवोगांवची हकीकत लिहून ठेवणें, आंकडे जमविणें, नियम वाचणें व वाचून दाखविणें. अस्मानी-सुलतानी हा शब्द टाकून देण्याचें कारण नाहीं. मात्र यापुढें आभाळाकडे बोट दाखविलें गेलें, तर त्या बोटामागचा हात कोणाचा आहे, हें विचारण्याची संवय आपणांस लावून घेतली पाहिजे.